झांझिबारच्या बाजारातून शरणपूरला

तीर्थरूप आई-बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दार-एस-सलामहून बोटीने झांझिबारला जाऊन आल्याचे मी फोनवर सांगितले होते. परंतु तिथल्या जुन्या शहरातल्या, म्हणजे स्टोन टाउनमधल्या, गुलामांच्या बाजाराची जागा पाहून जे मनात आले ते फोनवर नीट बोलता आले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

झांझिबारचा सुलतान बर्गश याने १८७३ मध्ये ब्रिटिशांच्या दडपणाखाली हा बाजार बंद केला आणि त्याच जागेवर मिशनऱ्यांनी चर्च उभारले. फटके मारण्याचा खांब जिथे होता, असे सांगतात, तिथे आता वेदी आहे. अंगणातल्या खड्ड्यात गळ्यात साखळ्या असलेल्या पाच माणसांचे शिल्प आहे आणि त्या साखळ्या त्या काळातल्या, खऱ्या आहेत. शेजारच्या इमारतीखालची दोन ठेंगणी तळघरेही गुलामांच्या कोठड्या म्हणून दाखवतात. मात्र ती इमारत बाजार बंद झाल्यानंतरची, मिशनच्या इस्पितळाची असल्यामुळे काही इतिहासकारांना ते पटत नाही. त्या साखळ्यांपुढे उभे राहिल्यावर मला तरी तळघरांच्या पुराव्याची गरज वाटली नाही.

चर्चमध्ये एक साधा लाकडी क्रूस आहे. आफ्रिकेत वारलेला स्कॉटिश मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन याचे हृदय ज्या झाडाखाली पुरले, त्या झाडाच्या लाकडाचा तो केलेला आहे. बाबा, त्या झाडावर लिव्हिंग्स्टनचे नाव कोरणारा आणि तिथे प्रार्थना वाचणारा जेकब वेनराइट हा आपल्या नाशिकमध्ये शिकला होता! ब्रिटिश आरमार अरबी गलबतांवरून ज्या आफ्रिकी मुलांची सुटका करी, त्यांतल्या अनेकांना मुंबईला उतरवून नाशिकच्या शरणपूर मिशनमध्ये ठेवले जाई. तिथे त्यांना लिहिणे-वाचणे आणि सुतारकाम, लोहारकाम असे धंदे शिकवत. जेकबने लिव्हिंग्स्टनच्या पार्थिवाबरोबर इंग्लंडपर्यंत प्रवास केला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेतल्या अंत्यविधीत शवपेटीला हात लावणाऱ्यांत तोही होता. पुढे शरणपूरची बरीच मंडळी केनियातल्या मोम्बासाजवळच्या फ्रिअर टाउनमध्ये वसवण्यात आली. ज्यांच्या नावाने ती वस्ती झाली, ते बार्टल फ्रिअर पूर्वी मुंबईचे गव्हर्नर होते आणि गुलामांचा व्यापार थांबवण्याच्या झांझिबारच्या कराराच्या वाटाघाटींसाठी तेच आले होते. शरणपूर रोडवरून मी कित्येक वर्षे शाळेत गेले, पण यातले अक्षरही कुणी सांगितले नव्हते.

तरीही आपल्या देशाला या कथेत केवळ आश्रयदात्याची जागा देऊन चालणार नाही. झांझिबारच्या जकातीचा मक्ता अनेक दशके जयराम शिवजी या कच्छी पेढीकडे होता, आणि विक्रीसाठी आणलेल्या माणसांवरही माणशी जकात घेतली जाई. तिथल्या अनेक हिंदी व्यापाऱ्यांकडे स्वतःचे गुलाम होते. ब्रिटिश कॉन्सल रिग्बी यांनी १८६० च्या सुमारास असे हजारो गुलाम मुक्त करवले. लवंगांच्या ज्या बागांसाठी हे बेट प्रसिद्ध आहे, त्या बागांतली मजुरीही गुलामांचीच होती. आपल्या मसाल्याच्या डब्यातल्या लवंगांचा हा इतिहास कुणी का सांगत नाही, याचा मला राग आला, आणि तो अजून ओसरलेला नाही.

दिवाळीनंतर तुम्ही इकडे याल तेव्हा आपण तिथे जाऊ. तळघराचे छत फार ठेंगणे असल्यामुळे आईने गुडघ्यांना त्रास देऊन खाली उतरू नये. वरच्या प्रदर्शनातल्या फलकांवर वाचण्यासारखे भरपूर आहे. बाबांनी येताना मिशनविषयी नाशिकच्या जुन्या ग्रंथालयात काही मिळते का, तेवढे पाहावे.

तुमची लाडकी,
मनू