सूचना : 'संशयकल्लोळ'ची रंगीत तालीम

सर्व सभासदांना नमस्कार,

देवलांच्या 'संगीत संशयकल्लोळ'ची रंगीत तालीम येत्या शनिवारी संध्याकाळी ५ वाजता आपल्या हॉलवर आहे. रंगभूषेसाठी कलाकारांनी ३ वाजताच यावे. ऑर्गन आणि तबला ४ पर्यंत लावून झालेले हवेत.

नाटकातल्या तसबिरीबद्दल (अश्विनशेठच्या छोट्या चित्राबद्दल) थोडे सविस्तर. मागच्या तालमीला ती विंगेतच राहिली आणि फाल्गुनरावाच्या बायकोला, कृत्तिकेला, रिकामा तळहात निरखावा लागला. नायिका रेवतीला भोवळ येते, तसबीर खाली पडते, ती कृत्तिकेच्या हाती लागते आणि पुढचा सगळा घोळ त्यातूनच होतो. देवलांच्या मूळ गद्य नाटकाचे नावच 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' होते. त्यामुळे प्रॉपर्टी (नाटकात लागणाऱ्या वस्तू) सांभाळणाऱ्यांनी ती पडदा उघडण्याआधी रेवतीच्या हातात स्वतः द्यावी. नवीन तसबीर तळहातात मावेल एवढीच केली आहे, फार सुंदर झाली आहे.

पदे लांबवू नयेत, ही गायक नटांना कळकळीची विनंती. १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलेले हे नाटक आजही हसवते ते संवादांच्या चपळाईमुळे. फाल्गुनरावाचा संशय थंड पडता कामा नये!

रविवारच्या प्रयोगाच्या उरलेल्या प्रवेशिका शनिवारीच परत कराव्यात.

– कार्यवाह