वकीलकाका, तुम्ही कागद वाचलात म्हणून

ती. वकीलकाका यांस,
सा. न. वि. वि.

नाव कुठे छापायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं वकीलकाका. साताऱ्यात काळ्या कोटातल्या काकांना तोटा नाही, त्यामुळे तुम्हाला कुणी ओळखायचं नाही. फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "बरं, ठेवू का?" म्हणता, म्हणून हे असं चारचौघांत लिहितेय. शिवाय माझ्या धाकट्या भावासारखी बॉक्सिंग खेळणारी पोरं इकडे कराड-कोरेगावात आहेत तशी तिकडे सांगली-विट्यातही आहेत. राज्य स्पर्धेत पदक आलं, विद्यापीठाकडून खेळून झालं की फोनवर कुणाचा तरी मेसेज येतो, 'प्रो होणार का?', म्हणजे हौशी खेळ सोडून पैशासाठी लढणार का. त्यांच्या घरच्यांनी हे वाचावं असंही मनात आहे.

धाकट्याच्या डोक्यात प्रो व्हायचं आधीपासून होतंच, पण ते पेटलं 2025 च्या 26 जानेवारीला. आपल्याकडे झेंडावंदनाची सकाळ, तिकडे लास व्हेगासमध्ये अजून 25 तारीख, आणि आपल्या निशांत देव या बॉक्सरने पहिल्याच प्रो लढतीत समोरच्याला पहिल्या फेरीत संपवलं. 2023 च्या जागतिक स्पर्धेत कांस्य, पॅरिस ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व फेरी, वय 24. धाकट्याने तो व्हिडिओ इतक्यांदा लावला की आईला पंचाची मोजणी पाठ झाली. बॉक्सर विजेंदर सिंग तर आमच्या घरात लहानपणापासून आहे. 2008 ला बीजिंगचं कांस्य, 2015 ला मँचेस्टरमध्ये प्रो पदार्पण, पुढच्या वर्षी दिल्लीत केरी होपला हरवून डब्ल्यूबीओ या प्रो बॉक्सिंग संघटनेचा आशिया पॅसिफिक किताबाचा पट्टा. या दोघांची नावं आमच्या जेवणात मिठासारखी.

त्यात ऑलिंपिकचं काही खरं नव्हतं. बॉक्सिंगच्या जुन्या जागतिक संघटनेची मान्यता ऑलिंपिक समितीने 2023 मध्ये काढून घेतलेली, आणि लॉस एंजलिस 2028 च्या पहिल्या यादीत बॉक्सिंग नव्हतंच. "खेळच ऑलिंपिकमध्ये नसेल तर हौशी राहून करायचं काय?" हा त्याचा प्रश्न मला चुकीचा वाटत नव्हता. अण्णांना मात्र एकच विचारायचं असायचं, की यात नोकरी आहे का. शेतातल्या आल्याचा दर एक वर्ष चढतो आणि दुसऱ्या वर्षी घरात बसवतो, हे बघत आयुष्य गेलेल्या माणसाने दुसरं काय विचारावं?

फेब्रुवारीत एका प्रमोटरचा, म्हणजे लढती भरवणाऱ्याचा, करार आला. सगळा इंग्रजीत, बारीक टायपात, सोबत आठ दिवसांत सही करून पाठवा असा निरोप. मी पतसंस्थेत कर्जाचे कागद रोज हाताळते; जामीनदार, तारण, थकबाकी हे सगळं कळतं. या कागदातून मला एवढंच कळलं की बॉक्सरच्या वाक्यात सगळीकडे 'करीलच' आहे आणि प्रमोटरच्या वाक्यात 'करू शकेल'. अण्णांनी तुमचं नाव काढलं. चुलत्यांचा बांधाचा दावा तुम्ही चालवला होता.

तुम्ही बसायच्या आधीच सांगून टाकलंत, "मी सातबाऱ्यावरचा वकील. बॉक्सिंगमधलं मला ओ की ठो कळत नाही. आधी खेळ सांगा, मग कागद बघू." खरं सांगते, तेव्हा मला वाटलं, उठावं आणि पुण्याला कुणी मोठा वकील बघावा. पण धाकटा रंगात येऊन सांगायला लागला. हौशीत तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या, ड्रॉत म्हणजे चिठ्ठीत ज्याचं नाव निघेल त्याच्याशी खेळायचं, सकाळी वजन आणि त्याच दिवशी लढत. प्रोत सुरुवातीला चार फेऱ्या, मग सहा, आठ, दहा. जागतिक किताबाला बारा. वजन आदल्या दिवशी, त्यामुळे वजन उतरवून आलेला गडी रात्रभरात पाणी पिऊन, खाऊन चार-पाच किलोंनी जड होऊन रिंगमध्ये उभा राहू शकतो. आणि ड्रॉ नाहीच. कोण कुणाशी भिडणार हे आधी ठरवतात.

"म्हणजे जोड लावतात," तुम्ही म्हणालात, आणि खुर्ची पुढे ओढलीत. मग यात्रेतल्या मैदानावर आलात. आधी पोरांच्या रेवडीवरच्या कुस्त्या, मग शंभर-पाचशेच्या, शेवटी एक नंबरची. जोड लावणारा जाणता असेल तर पोरगं वर्षावर्षाला वाढतं. नसेल तर एक तर मरतुकडे गडी पाडून फुगतं, नाहीतर पहिल्याच मोसमात मोडून घरी बसतं. "मग आता मला सांग, तुझी जोड कोण लावणार?"

धाकटा म्हणाला, मॅनेजर आणि प्रमोटर मिळून ठरवतात. तुम्ही पेन्सिलीने दोन नावांखाली रेघ ओढलीत. पान दुसरं, प्रमोटर. पान चौथं, मॅनेजर. नाव तेच.

"खरेदीखतावर लिहून देणार आणि लिहून घेणार एकच माणूस? असा दस्त मी उभ्या जन्मात बघितला नाही."

काका, त्या वाक्यासाठी मी तुमची आयुष्यभर ऋणी आहे. प्रमोटर लढत भरवतो, पैसे तो देतो. कमीत कमी द्यावे हा त्याचा धंदा. मॅनेजर बॉक्सरच्या बाजूने भांडून जास्तीत जास्त मागतो, आणि नको ती जोड असेल तर नाही म्हणतो. हे दोघं एक झाले की पोराच्या बाजूने बोलायला कुणी उरतच नाही. अमेरिकेत यावर मुहम्मद अलीच्या नावाचा कायदाच आहे, 2000 सालचा. प्रमोटर आणि मॅनेजर यांचे हितसंबंध वेगळे ठेवावे लागतात. आपल्याकडे असा कायदा नाही, तेव्हा जे काय ते कागदावर लिहून घ्यायचं, हे तुम्ही पुढच्या भेटीत सांगितलंत. म्हणजे मधल्या काळात तुम्ही बसून वाचलं होतंत. मग एका जुन्या नोटिशीच्या पाठकोऱ्या बाजूला शंभर रुपयांचा हिशेब मांडलात. मॅनेजरचे तीस टक्के, ट्रेनरचे दहा, प्रवास, राहणं, सरावात समोर लढणाऱ्या स्पारिंगवाल्यांचे पैसे, कर. मॅनेजरचे तीस हे खर्च वजा व्हायच्या आधी, सगळ्यात वरून. शंभरातले किती हातात पडतात ते बघून धाकट्याने कागद स्वतःकडे ओढला आणि पुन्हा बेरीज केली. बेरीज बरोबर होती.

ग्लोव्हजचं तर मी ऑफिसात सगळ्यांना सांगते. दोन्ही घेऊन या म्हणालात. त्याच्या वजनी गटाला, 63.5 किलोला, हौशीत 10 औंसांचे ग्लोव्हज आणि प्रोत 8 औंसांचे. तुम्ही ते घेऊन खाली किराणा दुकानात गेलात, साबुदाण्याची पिशवी बाजूला सारून एकेक काट्यावर ठेवलात. फरक निघाला पन्नास-साठ ग्रॅमचा. "एवढंच?" मी म्हटलं. तुम्ही धाकट्याकडे बघितलंत. "हा फरक कुणाच्या फायद्याचा?" "मारणाऱ्याच्या." "आणि खाणाऱ्याचं औषधपाणी कोण करणार?" वर येऊन कलम काढून दाखवलंत: लढतीत झालेल्या दुखापतीचा खर्च बॉक्सरने करायचा. विम्याचा शब्द अख्ख्या करारात नव्हता. हेडगार्ड मोठ्या पुरुषांच्या हौशी लढतींतूनही 2013 पासून गेलंय, त्यामुळे डोक्याची भीती त्याला नवी नव्हती. पण ब्रिटनमध्ये प्रो बॉक्सरला दर वर्षी मेंदूचा एमआरआय सक्तीचा असतो हे कळल्यावर आई पहिल्यांदा बोलली. "तो आधी लिहून घ्या," म्हणाली. बाकी पैशाच्या गोष्टीत तिने तोंड घातलं नाही.

आणि ते शेवटच्या पानावरचं. करार तीन वर्षांचा, वर्षाला किमान किती लढती देणार याचा पत्ता नाही, जितके दिवस जखमी तितकी मुदत पुढे. सगळं संपल्यावरही दोन वर्षं दुसऱ्या कुणाची ऑफर आली तर आधी यांना दाखवायची, आणि ते तेवढेच पैसे देत असतील तर यांच्याकडेच राहायचं. धाकट्याला शिकवणाऱ्या आमच्या फौजी सरांनाही हे कलम साधं वाटलं होतं. (सरांचा ठोसा बघितलेला माणूस त्यांना कायद्यातलं काही विचारत नाही, ते वेगळं.) तुम्ही मात्र क्रिकेटपटू झहीर खानचा निकाल काढून आणलात. श्रीरामपूरच्या त्या पोराला एका कंपनीने अगदी असंच बांधलं होतं. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की करार संपल्यावरही असं अडकवून ठेवणं भारतीय करार कायद्याच्या कलम 27 खाली चालत नाही. तो कायदा 1872 चा. धाकटा एकदम खूश, "मग राहू दे की कलम, चालतच नाही तर!"

तेव्हा तुम्ही पहिल्यांदा आवाज चढवलात. "अरे, जमिनीचा दावा नातवाने जिंकला तरी जमीन जागेवर असते. तुझे हात तेव्हा कुठे असतील? कोर्टात जिंकायचं कलम नको, कागदावरच नको."

तोवर मार्च आला आणि ऑलिंपिक समितीने बॉक्सिंगला 2028 च्या यादीत पुन्हा घेतलं. घरात पुन्हा गोंधळ. प्रो झालो तर देशाकडून खेळायची वाट बंद होईल का? बॉक्सर विकास कृष्णचं उदाहरण धाकट्यानेच सांगितलं: आशियाई आणि राष्ट्रकुल सुवर्ण, मग अमेरिकेत प्रो, 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला लढला, आणि परत येऊन टोकियोला पात्र ठरला. तुम्ही फार चर्चा केली नाहीत. राष्ट्रीय निवड चाचणीला बोलावणं आलं तर प्रमोटरने सोडलं पाहिजे, असं एक वाक्य घातलंत आणि पुढे गेलात.

एका गोष्टीवर माझं तुमच्याशी अजून जमत नाही. क्रीडा प्रमाणपत्रांची पडताळणी आधी पूर्ण करून घ्या, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, ते दार उघडं ठेवा, हे ठीक. अण्णांना त्या दिवशी झोप लागली. पण भरतीच्या अभ्यासाची पुस्तकंही आणायला लावलीत, ते मला पटलं नाही. सकाळी यवतेश्वरचा घाट पळून आलेलं पोरगं दुपारी गणितात घोरतं. दोन्ही करणारे असतील, आमचा त्यातला नाही. बोलते मी, राग नसावा.

प्रमोटरने सगळं मानलं नाही. वाद झाला तर लवाद त्यांच्याच शहरात बसेल, हे त्यांनी सोडलं नाही आणि तुम्हीही त्यावर अडून बसला नाहीत. मॅनेजर वेगळा झाला. मुदत दोन वर्षं, वर्षाला चार लढती नक्की, तपासण्या आणि विमा त्यांच्याकडे, मागाहूनचं बंधन गेलं. 'आठ दिवसांत' म्हणणारे अडीच महिने थांबले. घाई त्यांना नव्हतीच, आमच्याकडून करून घ्यायची होती.

सहीच्या दिवशी मी कंदी पेढे आणले तर तुम्ही साखर आहे म्हणून बाजूला ठेवलेत. फी विचारली तर वाटलं, नको म्हणाल. तुम्ही रीतसर आकडा सांगितलात, पैसे मोजून घेतलेत आणि पावती फाडलीत. "फुकट वाचलेल्या कागदाला कुणी किंमत देत नाही." मला ते फार आवडलं. उपकाराच्या ओझ्याखाली परत यायला लागलं असतं तर पुढच्या वेळी शंका विचारायला मी कचरले असते.

आमच्याकडे सत्कार झाला की प्रत्येक भाषणात खाशाबा जाधव येतात. यायलाच हवेत, गोळेश्वरचा माणूस 1952 ला हेलसिंकीहून पदक घेऊन आला. पण भाषणं करणाऱ्यांपैकी कुणी धाकट्याला कधी विचारलं नाही की तुझा कागद कुणी वाचलाय का.

पहिली लढत झाली, हे तुम्हाला माहीत आहे. चार फेऱ्या, गुणांवर जिंकला. निशांतसारखं काही झालं नाही. तिसऱ्या फेरीत दमला, हौशीच्या सवयीने नऊ मिनिटांत सगळं देऊन बसला होता, आणि चौथी कशीबशी काढली. सर म्हणतात, पाय फार नाचवतो, टिच्चून उभं राहून बरगडीत मारायला अजून शिकायचंय. पण लढतीनंतर आठवड्यात खात्यावर पैसे आले, आणि सोबत हिशेबाचा कागद: पर्स म्हणजे लढतीचे पैसे इतके, मॅनेजर इतके, कर इतका कापला, बाकी इतके. तुमच्या पाठकोऱ्या नोटिशीवरच्या आकड्यांपेक्षा बरेच जास्त. तो कागद मी झेरॉक्स काढून तुमच्या फाइलला लावायला पाठवतेय.

आणि एक. कोरेगावकडचा एक मुलगा आहे, 57 किलोचा, धाकट्याबरोबर सराव करतो. त्यालाही कुणीतरी करार पाठवलाय, त्यावरही आठ दिवसच लिहिलंय. शनिवारी कोर्ट सुटल्यावर वडिलांना घेऊन येईल. ग्लोव्हज दोन्ही घेऊन जा म्हणून सांगितलंय, आणि फीचंही.

आपली,
धाकट्याची ताई
सातारा