पद्मिनीच्या वायरिंगला हात लावण्याआधी

पुणे, रविवार

प्रिय विजय,

सप्रेम नमस्कार.

नानांची प्रीमियर पद्मिनी गाडी तू पुन्हा रस्त्यावर आणतोयस हे वाचून फार बरं वाटलं. पण तुझा इलेक्ट्रिशियन म्हणतो ना, की जुनं वायरिंग सगळं ओढून काढू आणि आठ रिले टाकू, त्याला जरा थांबव. रिले म्हणजे थोड्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. एवढे रिले त्या गाडीत लावायचे तरी कशाला?

मुळात दुखणं काय ते बघ. हेडलाइटचा सगळा करंट आधी स्विचमधून, मग डिपरमधून (लो-हाय बदलणारा स्विच), मग इतक्या वर्षांच्या काळवंडलेल्या जोडांमधून फिरून बल्बपर्यंत येतो. एच-फोर जातीचे 60/55 वॅटचे (हायला 60, लोला 55) दोन बल्ब लावलेस की लो बीमलाच नऊ अँपिअरच्या वर जातात. वाटेत सव्वा व्होल्ट जरी पडला तरी उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो, आणि पडलेला व्होल्ट स्विचच्या पोटात उष्णता होऊन बसतो. बल्ब मिळतील रे, स्विच कुठून आणशील? कुर्ल्याचा कारखाना कधीच बंद झाला. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर 2023 मध्ये गेली. टॅक्सी होत्या तोवर भागांना गिऱ्हाईक होतं. म्हणून रिले लावायचा तो आधी स्विच वाचवायला. उजेड वाढतो तो वरकमाई समज.

माझ्या मते रिले तीनच. लो बीमला एक, हाय बीमला एक, हॉर्नला एक. लो आणि हाय एकाच रिलेवर टाकायचा मोह नको. रात्री घाटात एक गेला तर दुसऱ्यावर घर गाठता आलं पाहिजे. इलेक्ट्रिक पंखा बसवलास तरच चौथा. इग्निशनला मात्र मुळीच लावू नकोस. कॉइल तीन-चार अँपिअर खाते, तेवढं किल्लीचा स्विच सहज पेलतो. तिथं रिले घातलास तर गाडी बंद पडायला आणखी एक कारण तेवढं मिळेल.

आता यातली खरी गंमत. जुनी वायर एकही कापायची नाही. रिलेच्या पायांवर आकडे असतात: 86 आणि 85 आतल्या कॉइलचे, 30 मधून मोठा करंट आत, 87 मधून बाहेर. डाव्या हेडलाइटचा जुना सॉकेट काढ. त्यातली लो ची वायर एका रिलेच्या 86 ला, हाय ची दुसऱ्याच्या 86 ला, आणि दोन्ही 85 अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीला. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून चार स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर जाडीची) वायर दोन्ही 30 ला. 87 मधून निघालेला करंट डाव्या-उजव्या बल्बला वेगवेगळ्या दहा अँपिअरच्या फ्यूजमधून, दीड स्क्वेअरच्या वायरनं दे. मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. त्याच्या अलीकडची वायर कुठं घासून बॉडीला टेकली तर तिला अडवायला कोणी नाही. असं केलंस की जुन्या जुडग्यावर रिलेच्या कॉइलचे पाव अँपिअरही येत नाहीत, आणि उद्या मन बदललं तर सॉकेट परत लावून गाडी होती तशी.

हॉर्नचं आधी टेस्ट लॅम्पनं तपास. बटण दाबल्यावर अर्थ मिळतो की करंट? अर्थ मिळत असेल तर 86 ला फ्यूजमधून आलेला करंट आणि 85 ला बटण.

अर्थकडे कोणी बघत नाही, आणि निम्मी भुतं तिथंच असतात. बल्बची काळी वायर रंगावर स्क्रूनं आवळून भागत नाही. पत्रा खरवडून चकचकीत कर, लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) बसव, वर ग्रीस लाव. इंजिन ते बॉडीची अर्थपट्टीही नवीन घाल, नाहीतर सेल्फ मारताना करंट अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो.

रिले मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर, इंजिनच्या तापणाऱ्या मॅनिफोल्डपासून लांब, पाय खाली करून लाव, म्हणजे पाणी आत उतरत नाही. वायर पत्र्यातून जाईल तिथं रबरी ग्रोमेट हवाच. टोकं नीट क्रिम्प करून, म्हणजे पकडीनं दाबून घे. सोल्डर चढलेली वायर कडक होते आणि थरथरीनं नेमकी कडेला तुटते.

आणि हो, तुझ्याकडे अजून डायनॅमोच आहे ना? मग 100/90 वॅटचे बल्ब विसर. सिग्नलला गाडी उभी असताना डायनॅमो फारसं काही देत नाही, दिवे बॅटरीवरच जगतात. रिले वाटेतली गळती थांबवतो, करंट तयार करत नाही.

नाना पेठेत रिले, बेस आणि फ्यूजचा डबा मिळेल, मी आणून ठेवतो. तू त्याआधी एका मोठ्या कागदावर बॅटरी, दिवे, हॉर्न मांड आणि प्रत्येक वायरचा रंग, जाडी, लांबी लिही. लांबी सुतळी लावून मोज, आणि हातभर जास्तच धर. फोटो पाठव, लाल पेनानं खुणा करून परत देतो. तोवर इलेक्ट्रिशियनला चहा पाज, पण कात्री देऊ नकोस.

काकूंना नमस्कार.

तुझा,
मिलिंद