दफेदार काका, ती दोरी तुम्ही धरलीत म्हणून

दफेदार काका, नमस्कार.

मला घोड्यावर बसायला पुन्हा पहिल्यापासून शिकवलंत त्याबद्दल तुम्हाला तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, घोडीला पाणी दाखवलंस का" म्हणून विषय बदलता, म्हणून इथं लिहितीये. तुम्ही फोनवर घोड्यांचे व्हिडिओ सोडून काही बघत नाही हे मला माहितीये पण नात वाचून दाखवेल, तिला पटवून ठेवलंय मी.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. मी पुण्यात कॉलेजला असताना एनसीसीच्या आर अँड व्ही मध्ये, म्हणजे घोड्यांच्या पथकात, घोड्यावर बसायला शिकले, तिथून टेंट पेगिंग, मग शो जंपिंग, साताऱ्याला परत आल्यावरही सोडलं नाही, म्हणजे २० एक वर्षं खोगिरावरच गेली म्हणा ना. टेंट पेगिंग म्हणजे घोडा चौखूर सोडायचा आणि भाल्यानं जमिनीतली मेख उचलायची, भाल्यावर टिकून आली तर ६ मार्क, नुसती उपटली तर ४, फक्त लागली तर २. जंपिंगमध्ये दांडी पडली की ४ फॉल्ट. दोन्हीकडे हिशोब रोखठोक. आणि ड्रेसाजला, म्हणजे बारीक इशाऱ्यांवर घोड्याकडून ठरलेल्या हालचाली करून घ्यायच्या त्या खेळाला, आम्ही सगळे घोड्याचं भरतनाट्यम म्हणायचो आणि खी खी हसायचो, हे आज कबूल करते.

मग २०२२ च्या दिवाळीनंतर मैनाचा पुढचा डावा पाय गेला. मैना रेसकोर्सवरनं रिटायर झालेली थरोब्रेड, पळणं सोडून दुसरं काही कुणी शिकवलेलंच नाही तिला. एका उडीनंतर थोडी लंगडली, संध्याकाळपर्यंत नळीच्या मागची शीर सुजून केळ्यासारखी वाकडी दिसायला लागली. डॉक्टर म्हणाले टेंडन आहे, वर्षभर धरून चाला, आणि पुढं बरी झाली तरी उड्या बंद. आठ दिवसांत वरातीच्या घोड्यांवाला एकजण दारात हजर, "ताई, डीजेला बुजत नाही ना?" तो बिचारा व्यवहाराचंच बोलत होता, राग मला आला तो त्याला मैनाचं नाव सुचवणाऱ्या आमच्याच ग्रुपातल्या माणसाचा. असो.

तेव्हा तुम्ही आलात. आमच्याकडं निवृत्त फौजी दिसला की गाव त्याला सरसकट मेजर म्हणतं, तुम्ही तेवढे प्रत्येकाला थांबवून "दफेदार, दफेदार" (म्हणजे घोडदळातला हवालदार) म्हणून दुरुस्त करता, त्यावरूनच मला वाटलं हा माणूस सोपा नाही. मैना आरामात म्हणून मी दुसऱ्याच्या घोड्यावर बसले होते, तुम्ही कुंपणाला टेकून अर्धा तास बघितलंत आणि एवढंच म्हणालात, "मांड पक्की आहे पोरी, पण सगळी गुडघ्यात अडकलीय. खाली उतरू दे."

मला काय झोंबलं होतं ते! २० वर्षं बसतीये, मेडलं आहेत घरी. पण खरं होतं ते. उड्या बंद म्हटल्यावर मैनाबरोबर उरलं होतं ड्रेसाजच, आणि त्यात बसणंच वेगळं. जंपिंगला रिकिबी आखूड, गुडघा घट्ट, बूड खोगिरापासून उचललेलं, घोड्याच्या पाठीवर वजन नको म्हणून. ड्रेसाजला रिकिबी लांब, मांडी सैल खाली सोडलेली, आणि घोड्याशी अर्धं बोलणं बुडानंच करायचं. तुम्ही फौजेत इव्हेंटिंगचे, म्हणजे ड्रेसाज, क्रॉस कंट्री आणि जंपिंग तिन्ही करणारे घोडे तयार करायचा, त्याची सुरुवातच ड्रेसाजनं होते, त्यामुळं तुम्हाला दोन्हीकडचं माहीत. मला वाटायचं फरक खोगिराच्या आकाराचा असेल, नवीन खोगीर घेतलं की झालं.

तुम्ही रिकिबीच काढून घेतल्या. सहा आठवडे. लंगड्या घोडीला गोलात फिरवायचं नसतं म्हणून तुमच्या ओळखीचा म्हातारा शंभू आणलात, त्याला लांब दोरी लावून मध्ये तुम्ही उभे आणि मी गोल गोल, लगाम पण नाही हातात, हात कमरेवर. माहुलीकडच्या त्या रानात, सोयाबीन निघाल्यावर. कुंपणावर शेजारचा पोरगा येऊन बसायचा, असेल आठ-नऊ वर्षांचा, त्यानं विचारलं "आजोबा, मॅडम नवीन हायत का?" आणि तुम्ही वळूनसुद्धा न बघता, "हो, आजच ॲडमिशन झालीय." मी एवढी चिडले आणि एवढी हसले की त्या दिवशी पहिल्यांदा माझं अंग सैल सुटलं आणि दुडकीत बूड खोगिरावर राहिलं. तुम्ही फक्त "हां" म्हणालात. मी घरी जाऊन नवऱ्याला पाच वेळा सांगितलं की काका आज हां म्हणाले.

नवशिक्याला शिकवणारे पायलीला पन्नास मिळतात हो. पण ज्याला येतंय त्याला परत पहिलीत बसवायचं आणि त्याची लाज निघू द्यायची नाही, हे मी दुसऱ्या कुणाकडं बघितलं नाही. लोक एकतर म्हणायचे "तुम्हाला काय सांगायचं मॅडम" नाहीतर म्हणायचे "आता या वयात?"

मैना बरी झाल्यावर खरी गंमत. ती घाईत निघाली की मी पुढं झुकायचे, २० वर्षांची सवय, आणि मी झुकले की तिला वाटायचं पळ म्हणतीये. मग मी लगाम ओढायचे. तुम्ही म्हणालात "घोडी पळत नाहीये, तू पळवतीयेस आणि वर तिलाच रागावतीयेस." मग तो हाफ हॉल्ट, घोडीला न थांबवता क्षणभर सावरायचा इशारा, पाठ ताठ, श्वास सोडायचा, मूठ क्षणभर मिटायची आणि लगेच सोडायची. मी मिटायचे, सोडायलाच विसरायचे. एका सकाळी धुकं होतं, अजिंक्यतारा दिसतसुद्धा नव्हता, आणि मूठ खरंच सुटली, आणि मैनानं मान खाली लांब केली, नाकातनं फुर्रर्र केलं, लगाम चघळायला लागली, ओठाला पांढरा फेस. पाठ माझ्याखाली वर आल्यासारखी झाली. मी जंपिंगला भल्या उंच उड्या मारल्यात पण असं काही बुडाखाली लागलं नव्हतं. रडले थोडी, तुम्ही मुद्दाम तंबाखू मळत बसलात.

आणि ते मैदान! २० बाय ४० मीटर, दोरीनं मोजून, फक्कीनं आखलेलं, कुठं काय करायचं त्याच्या खुणा म्हणून तेलाच्या डब्यांवर तुम्ही रंगवलेली अक्षरं, ए के ई एच सी एम बी एफ. माझ्या डोक्यात क्रम बसेना तर तुम्ही म्हण करून दिलीत, "ए काका, ईथं हाय चारा, मंग बस फिर." मी पुण्याला पहिली टेस्ट दिली तेव्हा सुद्धा मनात तेच चाललेलं, जजसमोर हसू दाबत होते. ५७ टक्के पडले. प्रत्येक हालचालीला ० ते १० मार्क आणि पुढं शेरा, त्यात तीन ठिकाणी "घाई" लिहिलेलं. तुम्ही कागद वाचलात, म्हणालात "आधी दहा ठिकाणी लिहिलं असतं."

२६ सप्टेंबर २०२३ आठवतं का? हांगझोऊच्या एशियन गेम्सला आपल्या टीमनं ड्रेसाजचं सोनं घेतलं, सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला. तुम्ही फोन घेऊन धापा टाकत आलात. घोडेस्वारीत ४१ वर्षांनी सोनं, याआधी १९८२ ला दिल्लीत, तेव्हा तुम्ही नुकतेच भरती झालेला. रघुबीर सिंगचं इव्हेंटिंगचं सोनं आणि रुपिंदर सिंग ब्रारचं टेंट पेगिंगचं, दोन्ही नावं तुम्ही अशी घेतलीत जशी घरातली माणसं. मग मला म्हणालात, "बघ, तुझा जुना खेळ तेव्हा, तुझा नवा खेळ आता." आणि परत व्हिडिओ लावलात, तो पण रेंज नसल्यामुळं गोल गोल फिरत बसला.

फी घेतली नाहीत. कंदी पेढे आणले ते मोतद्दाराच्या पोरांना वाटलेत. म्हणून हे पत्र.

गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं हे ऐकलं, व्यायाम चुकवू नका, मला सहा आठवडे बिनरिकिबीचं फिरवलंत तसे आता तुम्ही फिरा. मैना चांगली आहे, शोल्डर-इन, म्हणजे खांदे आत घेऊन तिरकं चालणं, डावीकडं जमतंय, उजवीकडं अजून शेपटाकडनं सुटतीये, ते तुम्ही बघितल्याशिवाय व्हायचं नाही. आणि ई चा डबा कुणीतरी शेळ्यांना पाणी पाजायला नेलाय. नवीन डबा आणून ठेवलाय, निळा रंग पण आणलाय, अक्षर तुम्ही काढा.

तुमची,
आजच ॲडमिशन झालेली