गहू जीपमधून बघू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला गव्हावरचा लेख दोनदा वाचला. पाण्याचा ताण पडला की गहू पानांवरची रंध्रे मिटून घेतो, मुळे खोल सोडतो आणि वेळ मारून नेतो, हे सगळे खरे. लेखकांचा अभ्यास दांडगा, मान्य. पण रंध्रे मिटल्यावर पुढे काय, तिथे नेमका लेख संपतो. त्या रंध्रांतून नुसती वाफ बाहेर जात नाही, पान ज्यापासून अन्न बनवते तो कार्बन वायूही तिथूनच आत येतो. दार लावले की चूलही थंड. वर पान तापते ते निराळेच.

तीन वर्षांपूर्वी माझा दीड एकर गहू पोटरीत होता, म्हणजे ओंबी अजून पानाच्या वेष्टनात होती, आणि कालव्याच्या चारीचे पाणी बारा दिवस उशिरा आले. दुपारी पाने गुंडाळून सुतळीसारखी व्हायची, सकाळी पुन्हा उलगडायची. ज्यांच्याकडे गाऱ्हाणे नेले ते साहेब जीपमधून न उतरता म्हणाले, "काका, पीक तर हिरवंगार दिसतंय की!" दिसत होतेच. पोटरीच्या आत परागकण तयार होत असतात, तेव्हा ताण बसला तर ते वांझ निघतात. एवढे जीपमधून कसे दिसणार? ओंब्या निसवल्या, म्हणजे बाहेर पडल्या, त्या निम्म्या पोचट. एकरी पाच पोती झाली, आदल्या साली चौदा होती. गंमत म्हणजे जे दाणे भरले ते चांगले टपोरे होते, वाटेकरीच कमी ना! तुमच्या लेखाच्या हिशेबाने माझ्या गव्हाने दुष्काळावर मात केली होती.

एकच पाणी असेल तर पेरणीनंतर ४०-४२ दिवसांनी द्या, दोन असतील तर २०-२२ आणि ६०-६५ दिवसांनी, हे कृषी विद्यापीठ किती वर्षे सांगते आहे. ज्याची स्वतःची विहीर आहे त्याने दिवस मोजावेत. आमचे पाणी पाळीने येते, पाळीला गव्हाचे वय कोण सांगणार?

माझे आजोबा कोरडवाहू बन्सी, म्हणजे गव्हाची जुनी जात, पेरायचे. काळ्या रानातल्या ओलीवर ती यायची, पण एकरी दोन-तीन पोत्यांच्या वर त्यांनी तिच्याकडे कधी मागितले नाही. आता कमी पाण्यासाठी निफाडच्या कृषी संशोधन केंद्राने नेत्रावती वाण काढला आहे. लेखात त्याचे नावही नाही, परदेशातल्या प्रयोगांना मात्र दोन रकाने.

जाता जाता, लेखासोबतचा मोठा रंगीत फोटो गव्हाचा नसून जवाचा आहे. कुसळे बघा केवढी लांब, आणि कणीस कसे मान टाकून लोंबते आहे. गेल्या महिन्यात करडईच्या बातमीला सूर्यफुलाचा फोटो होता, तेव्हा गप्प बसलो. सोलापुरात करडई ओळखणारा माणूस तुमच्या कचेरीत एकही नसेल, तर कळवा. मंगळवारी बाजाराला येतो, येताना चार झाडे उपटून आणीन. काटे सांभाळून घ्या.

आपला,
एक जुना वर्गणीदार, मोहोळ तालुका