दोन दिवसांचे नव्हे, पाच-सहा वर्षांचे आयुष्य

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत न्यूझीलंडमधील पुरीरी पतंगाचे मोठे छायाचित्र छापून आले होते. छायाचित्र सुरेखच होते आणि पंखांचा पोपटी रंगही छपाईत चांगला उतरला होता. तक्रार आहे ती त्याखालच्या चार ओळींबद्दल. ‘अवघ्या दोन दिवसांचे आयुष्य लाभलेला देखणा जीव’ असे वर्णन करून पुढे क्षणभंगुरतेवर दोन वाक्ये लिहिली आहेत. वस्तुतः हा पतंग पाच ते सहा वर्षे जगतो. दोन दिवस असतात ते पंख फुटल्यानंतरचे. एखाद्याचे वय त्याच्या लग्नाच्या वरातीपुरते मोजावे, तसा हा हिशेब झाला.

हे मी अधिकाराने लिहीत नाही, कारण दोन वर्षांपूर्वीपर्यंत मला या पतंगाचे नावही ठाऊक नव्हते. रत्नागिरी तालुक्यात माझी हापूसची बाग आहे आणि मुलगी ऑकलंडच्या पश्चिमेला, वाइटाकेरेच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी राहते. तिच्या परसात, कुंपणाला लागून असलेल्या एका झाडाच्या खोडावर कमरेच्या उंचीला भुसा आणि रेशमी धागा यांनी विणलेले, सालीच्याच रंगाचे एक ठिगळ मला दिसले. आंबेवाल्याला अशा ठिकाणी दुसरे काही सुचत नाही. खोडाला भिरूड लागली, की भुशाचा माग काढायचा, भोकात तार घालून अळी ओढून काढायची आणि औषधाचा बोळा कोंबून भोक चिखलाने लिंपायचे, हे आम्ही लहानपणापासून करत आलो आहोत. मी ते ठिगळ नखाने ओरबाडून काढले, सायकलच्या चाकाची एक जुनी तार सरळ करून आत घातली आणि अळी काही हाती लागेना म्हणून तार आणखी ढकलणार, एवढ्यात नात धावत आली. ‘आजोबा, नको! ती पुरीरीची अळी आहे, आम्हांला शाळेत दाखवलीय,’ असे ती इतक्या काकुळतीने म्हणाली, की मी तार टाकून दिली.

अळी हाती का लागली नाही, ते नंतर समजले. हिचे बीळ मराठी सातासारखे नसून इंग्रजी सातासारखे असते, म्हणजे आधी खोडात आडवे शिरते आणि मग सरळ खाली उतरते. माझी तार त्या वळणावर अडत होती. दिवसा अळी खालच्या उभ्या भागात राहते आणि रात्री वर येऊन भोकाच्या तोंडाशी चरते. खाते काय, तर लाकूड नव्हे. झाड जखम भरून काढण्यासाठी कडेने जी कोवळी साल पुन्हा पुन्हा वाढवते, ती हिचे अन्न. झाड भरत राहते, ही खात राहते आणि त्या ठिगळाखाली हा व्यवहार काही वर्षे चालतो. कोवळे रोप पोखरले गेल्यामुळे वाऱ्यात मोडते, हे खरे. पण जून झाड यामुळे सहसा मरत नाही. आमची भिरूड मोठ्या कलमाला आतून खाऊन उभे वाळवते, तिच्याशी हिची तुलना होऊ शकत नाही.

झाडात शिरण्याआधीचे दिवस तर कोणाच्या दृष्टीसही पडत नाहीत. मादी उडता उडता रानातल्या जमिनीवर अंडी विखरून टाकते, एकेक मादी २००० पर्यंत. त्यांतून निघालेली बारीक अळी पालापाचोळ्यात, पडून कुजत असलेल्या लाकडावरच्या अळंब्या खाऊन काही महिने वाढते आणि मगच उभ्या झाडाकडे वळते. तेथे ती चांगली १० सेंटीमीटरपर्यंत होते, त्याच बिळात कोषात जाते आणि बहुतेक करून सप्टेंबरनंतर, तिकडच्या वसंतात, संध्याकाळी पतंग होऊन बाहेर पडते. मादीच्या पंखांचा विस्तार १५ सेंटीमीटरपर्यंत भरतो. न्यूझीलंडच्या मूळच्या पतंगांत याहून मोठा नाही आणि तोही केवळ उत्तर बेटावर आढळतो. या पतंगाला कामाचे तोंडच नसते. अळीपणी साठवलेल्या चरबीवर जोडीदार शोधायचा, अंडी टाकायची आणि संपायचे. त्या दोन रात्रींत घराच्या व्हरांड्यातल्या दिव्यावर तो येऊन आपटतो, तेव्हा मांजर टपलेलेच असते. छायाचित्रेही बहुधा तेव्हाच निघतात.

आपल्या मजकुरात ‘पुरीरी’ हे केवळ एक परदेशी नाव म्हणून येते. पुरीरी हा त्या बेटाच्या उत्तर भागातला मोठा सदाहरित वृक्ष असून तो आपल्या निरगुडीच्या प्रजातीतला आहे, एवढे जरी सांगितले असते तरी मराठी वाचकाला ते झाड जवळचे वाटले असते. त्याचे लाकूड इतके टणक, की पूर्वी रेल्वेचे स्लीपर आणि कुंपणाचे खांब त्याचे करत, आणि त्या लाकडातही या अळीची भोके असत. पतंगाचे भाऊबंदही आपल्याकडे आहेत. त्याच कुळातला, सह्याद्रीचेच नाव लावणारा ‘सह्याद्रासस’ हा पतंग पश्चिम घाटात सागाच्या रोपांत बीळ करतो आणि त्याची अळीदेखील तोंडाशी भुसा व रेशीम यांचे असेच झाकण विणते.

माओरी लोकांनी या जिवाला निरनिराळ्या अवस्थांत निरनिराळी नावे दिली आहेत. पतंग तो ‘पेपेतुना’ आणि अळी ती ‘मोकोरोआ’. ‘तुना’ म्हणजे ईल मासा. त्याच्या गळाला ही अळी आमिष म्हणून लावत. मोकोरोआ चिमुकली असली तरी काहिकातेआसारखा प्रचंड वृक्ष पोखरते, अशी त्यांची म्हणही आहे. म्हणीत जागा मिळाली ती अळीला, पतंगाला नव्हे, हे मला महत्त्वाचे वाटते. पतंग निघून गेल्यावर रिकाम्या बिळात ‘वेता’ नावाचे, नाकतोड्याच्या जातकुळीतले मोठे कीटक राहायला येतात. मुलीच्या परसातल्या त्या झाडाचे नावच ‘पुतापुतावेता’, म्हणजे ज्यातून पुष्कळ वेता बाहेर पडतात ते.

‘दोन दिवसांचे आयुष्य’ लिहिल्याने काय बिघडते, असे आपण विचाराल. बिघडते ते असे, की वाचकाला फक्त पंख दिसतात. पोपटी पतंग दिव्याखाली आला की त्याला ओंजळीत उचलून बाहेर सोडणारी माणसे परसातले कुजके ओंडके मात्र ‘स्वच्छता’ म्हणून उचलून टाकतात आणि भोक दिसले की माझ्यासारखी तार घेऊन धावतात. पतंगाची पाचसहा वर्षे त्या ओंडक्यात आणि त्या भोकात गेलेली असतात.

पुढील अंकात दुरुस्ती छापावी, ही विनंती. जागा असल्यास सोबत अळीच्या झाकणाचेही छायाचित्र द्यावे. मी फाडलेले झाकण चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा विणलेले दिसले, तेव्हा नातीने काढलेले एक छायाचित्र माझ्याकडे आहे. त्यात नुसते झाडाचे खोडच दिसते, अशी तक्रार आमच्या घरातल्या सर्वांनी केली आहे. पण हवे असल्यास पाठवीन.

आपला नम्र,
एक आंबा बागायतदार, रत्नागिरी