औषध लागू पडलं, तरी मन लागत नाही

कोथरूड, पुणे

प्रिय मंदा,

तुझं पत्र मिळालं. कॅन्सरवरच्या इम्युनोथेरपीनंतर (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कामाला लावणाऱ्या औषधांनंतर) भावजींचा स्कॅन चांगला आला, गाठी आकसल्या, आणि तरी ते ताटावर गप्प बसतात, कुणाचा फोन घेत नाहीत, असं तू लिहिलंस. 'आता तरी आनंदात राहायला नको का गं?' असं विचारतेस. दादाच्या आजारपणात आमच्याकडे येणारा-जाणारा प्रत्येक जण हेच विचारायचा, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एवढं कर, आनंदात राहा असं भावजींना कुणालाच सांगू देऊ नकोस.

फुप्फुसाचा कॅन्सर चौथ्या स्टेजला आहे हे कळलं, तेव्हा दादानं कागदपत्रं लावली, पोराला बँकेचं सगळं समजावलं. मनानं तो निघायच्या तयारीला लागला होता. मग इम्युनोथेरपी लागू पडली. रोग गेला नाही, पण वाढायचा थांबला. हे किती दिवस टिकेल, हे कुणीही छातीठोकपणे सांगत नाही. काहींना वर्षानुवर्षं टिकतं, पुष्कळांना लागूच पडत नाही. अशा वेळी माणसानं पुढचं काय ठरवायचं? उन्हाळ्यात वहिनी वर्षाचा मसाला करायला निघाली, तर दादा म्हणाला, "थोडाच कर." वहिनी काही न बोलता आत गेली. तळजाईच्या टेकडीवर फिरायला येणारी मंडळी मात्र म्हणायची, 'काय तब्येत सुधारली हो, आजारी वाटतच नाही!' केस गेलेले नाहीत, रंग चांगला, मग भीती वाटते हे बोलायचं कुणाजवळ? डे केअरमध्ये शेजारच्या खुर्चीवर डोस घेणारे काका पुढे दिसेनासे झाले, तेव्हा आपल्यालाच का लागू पडलं म्हणून दादा झुरत राहिला. ते त्यानं पुष्कळ उशिरा सांगितलं.

आता एक गोष्ट नीट वाच, कारण ही डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवी. इम्युनोथेरपीची ही औषधं कॅन्सरवर थेट हल्ला करत नाहीत. आपल्या प्रतिकारपेशींना लागलेला ब्रेक सोडवतात. (हा ब्रेक ओळखणाऱ्या जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं.) सुटलेल्या पेशी कधी कधी आपल्याच थायरॉइडवर, पिट्यूटरीवर किंवा ॲड्रिनलवर, म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या ग्रंथींवर, चाल करून जातात. मग माणूस गळून जातो, झोपून राहतो, कशातच रस घेत नाही, आणि घरचे म्हणतात, हाय खाल्ली. दादाचं तेच झालं. रक्त तपासलं तर थायरॉइड पार खाली गेलेलं. गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांत निम्मं मळभ तरी सरलं. उरलेलं निम्मं मनाचं होतं, आणि त्याला वेगळी मदत लागली. म्हणून भावजींच्या गप्प राहण्याला स्वभाव म्हणून सोडून देऊ नकोस. थायरॉइड आणि कॉर्टिसॉल (ॲड्रिनलचं हार्मोन) तपासलंय का, विचार. चक्कर, उलट्या, बीपी उतरणं असं काही दिसलं तर पुढच्या डोसची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठ. दुष्परिणामांवर स्टेरॉइड दिलं, तर झोप उडते, चिडचिड होते. तेही सांगायचं, पण गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही.

स्कॅनच्या आधीचा आठवडा सगळ्यात अवघड. दादा त्या दिवसांत वहिनीवर उगाच खेकसायचा. आम्ही एवढंच केलं, की रिपोर्ट कुणी आणायचा, कुणी आधी वाचायचा, हे त्याच्याच तोंडून ठरवून घेतलं आणि नातेवाइकांचे फोन माझ्याकडे वळवले. त्याचा फार उपयोग झाला.

पैशाचं ओझं भावजी बोलून दाखवणार नाहीत, पण ते असतंच. लाखांत जाणारा खर्च आपल्यापायी होतोय, ही टोचणी दादाला दुखण्यापेक्षा जास्त होती. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डोक्या-मानेच्या वाढलेल्या कॅन्सरवर, तोंडानं घ्यायच्या औषधांच्या जोडीला दर ३ आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध देऊन पाहिलं, तर वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. नेहमीच्या डोसच्या मानानं हे फारच थोडं. प्रत्येक कॅन्सरला हे लागू नाही, पण डॉक्टरांशी खर्चाचं मोकळेपणानं बोलायला काहीच हरकत नाही, आणि ते बोलणं भावजींसमोरच होऊ दे.

पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे आजाराचा आणि मनाचा त्रास हलका करणारी सेवा, म्हटलं की आपल्याकडे लोक दचकतात, आता संपलं असं समजतात. मला याचा खरंच राग येतो. २०१० मध्ये अमेरिकेत फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर झालेला अभ्यास बघ. ज्यांना उपचारांबरोबर सुरुवातीपासून ही सेवा मिळाली, त्यांच्यात नैराश्य निम्म्याहून कमी होतं आणि ते सरासरी जास्त जगले. आपल्या पुण्यातल्या वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून हे काम विनामूल्य करतंय. उपचार चालू असतानाही जाता येतं. दादा तिथल्या समुपदेशक ताईंशी जे बोलला, ते आमच्यापैकी कुणाशी बोलला नव्हता. रात्री-अपरात्री फारच घालमेल झाली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. मराठीत बोलतात. तो तुलाही चालतो बरं का. तू पत्रात स्वतःबद्दल एक ओळ लिहिली नाहीस, हे माझ्या लक्षात आलंय.

पुढच्या डोसला साताऱ्याहून पहाटे निघायची दगदग नको. आदल्या संध्याकाळीच आमच्याकडे उतरा. दादालाही बोलावते. दोघांना गॅलरीत बसू दे, आपण आत स्वयंपाकघरात. भावजींना तिखट चालतं की पोट बिघडतं, तेवढं कळव, म्हणजे तसा बेत करते.

तुझी,
विजू